त्या दिवशी धुकं होतं

१ सप्टेंबर. सकाळी ७.

नवी वही. लोरेटाने दिली. लोरेटा म्हणजे गावाच्या समेट मंडळाची बाई. तीस वर्षं शाळेची बस चालवली, आता लोकांची भांडणं चालवते. म्हणाली, मर्डक, रोज थोडं लिहीत जा, कोणी वाचणार नाही, मीसुद्धा नाही. मला लिहायची काही गरज नाही. माझं डोकं स्वच्छ आहे. पण वही फुकट मिळाली.

तर नोंदीसाठी, एकदाच. नऊ जूनला सकाळी समुद्रावर दाट धुकं होतं. माझ्या जागेत कोणा उपऱ्याचे शेवंडांचे पिंजरे दिसले. मी बोयांचे दोर कापले. एकोणीस. पिंजरे तळाला गेले. मागाहून कळलं की ते मोरॅगचे होते. मोरॅग ही हेक्टरची मुलगी. हेक्टर माझा चाळीस वर्षांचा दोस्त, शेजारच्या बोटीचा मालक, फेब्रुवारीत गेला. बोट आणि परवाना आता मोरॅगकडे. ती माझी धर्मकन्या आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी मीच तिला हातात धरलं होतं आणि तिने माझा एकुलता एक सूट भिजवला होता.

थोडक्यात, चूक. धुक्यात कोणाचीही होईल.

पोलीस म्हणाले, कोर्ट नाहीतर समेटाचं वर्तुळ, म्हणजे दोन्ही बाजूंनी गोल बसून बोलायचं. मोरॅग वर्तुळाला हो म्हणाली, मीही म्हणालो. आगीच्या बंबाच्या हॉलमध्ये असतं, चहा असतो, वीस मिनिटांत उरकेल.

संकल्प: ऑक्टोबर संपायच्या आत मोरॅग पूर्वीसारखी रविवारी आमच्याकडे जेवायला. मेमध्ये हंगाम सुरू होईल तेव्हा तिची बोट माझ्या बोटीशेजारी. बाकी मला काही नको.

३ सप्टेंबर.

लोरेटाची पहिली बैठक. तिने तीन प्रश्न दिले. काय घडलं? तेव्हा मनात काय होतं? कोणाकोणाला त्रास झाला? सात मिनिटांत तिन्ही सोडवले. पहिल्याचं उत्तर धुकं. दुसऱ्याचंही धुकं. तिसऱ्याचं, सगळ्यांनाच, विशेषतः मला. लोरेटाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. घरी जाऊन पुन्हा लिहून आण म्हणाली. बसमधल्या पोरांना हिने असंच वळण लावलं असणार.

मग गाठीचा विषय काढला. आपल्या किनाऱ्यावर रीत आहे. जागेत कोणी घुसलं तर आधी त्याच्या बोयाला दोराची एक गाठ मारून ठेवायची. म्हणजे बाबा रे, जागा बदल. नाही बदलली तर पिंजऱ्याची दारं उघडी टाकायची. त्यानेही नाही समजलं तर सुरी. लोरेटाने विचारलं, गाठ मारली होतीस? मारली होती म्हटलं. ती म्हणाली, बोये वाहत किनाऱ्याला लागले, मोरॅगने सगळे गोळा केले, एकावरही गाठ नाही. मी म्हटलं, धुक्यात नीट बसली नसेल.

लोरेटा म्हणाली, मर्डक, इतक्या धुक्यात तुला आपली जागा बरी सापडली.

वाद घातला नाही. बायकांना समुद्रातलं कळत नाही. मोरॅगला कळतं, पण तिला मी शिकवलंय.

७ सप्टेंबर.

माफीपत्र लिहायचं आहे. सकाळी नऊला बसलो. दुपारपर्यंत सहा पानं. उत्तम उतरलं आहे. वाचताना मला स्वतःलाच दोनदा भरून आलं.

एफीला वाचून दाखवलं. एफी म्हणजे बायको, अडतीस वर्षं. बटाटे सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, हे माफीपत्र आहे की हेक्टरच्या बोटीचा इतिहास? मी म्हटलं, पार्श्वभूमी लागते. म्हणाली, पार्श्वभूमी साडेपाच पानं झालीय, पोरगी कुठे आहे यात? मी शेवटचं पान दाखवलं. तिथे लिहिलं होतं, 'तूही पिंजरे टाकण्याआधी मला विचारायला हवं होतंस, असो.'

एफीने तो बटाटा दोनदा सोलला.

१२ सप्टेंबर.

पत्र लोरेटाकडून परत. समासात पेन्सिलने एकच ओळ: 'यात माफी कुठल्या पानावर आहे?'

'असो' या शब्दात सगळं येतं, असं माझं मत.

१५ सप्टेंबर.

झकास कल्पना. पत्रं कसली लिहायची? काम करून दाखवायचं. ते एकोणीस पिंजरे मीच तळातून वर काढणार. जागा मला पाठ आहे. दोराला चार नख्यांचा गळ बांधायचा, तळावरून ओढत न्यायचा, अडकला की उचलायचा. रोज चार काढले तरी पाच दिवसांत फत्ते. धुऊन, दुरुस्त करून तिच्या धक्क्यावर रचून ठेवायचे. सकाळी ती येईल, बघेल. कोणी काही बोलायची गरजच नाही.

बोलायची गरज नाही, हा या योजनेचा सगळ्यात मोठा फायदा.

लोरेटाने सांगितलं होतं की वर्तुळ होईपर्यंत मोरॅगच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. पण तिने वस्तू म्हटलं होतं. तळाला गेलेला पिंजरा ही वस्तू राहत नाही, समुद्र होतो.

१६ सप्टेंबर. संध्याकाळी.

तीन तासांत एक टायर, माझाच जुना नांगर, आणि एक पिंजरा. पिंजऱ्यात तीन शेवंडं. जिवंत, तरतरीत.

नेमकी तेव्हाच मत्स्यखात्याची करडी बोट आली. हंगाम जुलैत संपलाय, पिंजरा दुसऱ्याच्या नावाचा, आत जिवंत माल, आणि माझ्या हातात गळ. अधिकारी गावातल्याच डूगल्डचा मुलगा निघाला. काका, हे काय, म्हणाला. मी म्हटलं, चांगलं काम करतोय. त्याने फॉर्म वरखाली पाहिला. म्हणाला, चांगल्या कामाचा रकाना यात नाही.

शेवंडं पाण्यात सोडली, पिंजरा त्याने जप्त केला, मला लेखी ताकीद. डूगल्डला मी एकदा बुडताना वाचवलंय. तेव्हा मागचापुढचा विचार केला नाही ही चूक झाली.

१७ सप्टेंबर.

लोरेटा घरी आली. बसमधलं मागचं बाक गप्प करायचा जो आवाज, तो आज माझ्या स्वयंपाकघरात ऐकला. म्हणाली, मोरॅगने आता नाही म्हटलं तर सगळं कोर्टात जाईल, तुझा परवाना जाईल, कळतंय का? मी म्हटलं, ती नाही म्हणायची नाही. म्हणाली, नाही म्हणाली नाही, हे खरं. तिला सांगितलं तेव्हा आधी हसली, मग रडली.

हसली कशी, मोठ्याने की नुसतीच, ते मी विचारलं. रडण्याबद्दल विचारायचं राहून गेलं.

२५ सप्टेंबर.

आज सहकारी दुकानात मोरॅग दिसली. जूननंतर पहिल्यांदा इतक्या जवळून. हेक्टरची टोपी घातली होती. वाळली आहे. मी ओटच्या पिठापाशी, ती चहापाशी. मी हात वर केला. तिने सामानाची ढकलगाडी वळवली आणि दुसऱ्या रांगेत गेली. साखर विसरली असणार.

मी साखरेच्या रांगेत थोडा वेळ थांबलो. तिकडे आली नाही.

पैसे देताना एकदम समोरासमोर. म्हणाली, तुमचा नंबर आधी आहे. पूर्वी मला 'अरे काका' म्हणायची. 'अरे काका, तुझ्या बोटीला आंघोळ घाल एकदा.' आज तुमचा. वय वाढलं की माणसाला मान मिळतो, त्यातलाच प्रकार.

४ ऑक्टोबर.

वर्तुळात प्रत्येकाने आपल्या बाजूचं एक माणूस आणायचं असतं. आधार म्हणून. मोरॅगला आई नाही, आता बापही नाही, तेव्हा तिची पंचाईत होणार, असं मी एफीला म्हटलं. एफी म्हणाली, पंचाईत नाही, मी बसणार आहे तिच्या शेजारी.

मी म्हटलं, तू माझी बायको आहेस. म्हणाली, आहे ना, घरी येताना तुझ्याच गाडीतून येईन.

विचार केल्यावर पटलं. वर्तुळाला बाजूच नसतात, ते गोल असतं.

लोरेटाने विचारलं, मग तुझ्याबरोबर कोण? हेक्टर आला असता, असं तोंडातून गेलं.   तिने रकान्यात रेघ मारली.

१३ ऑक्टोबर. थँक्सगिव्हिंग, सुगीचा सण.

टर्की नऊ किलोची. दोघांसाठी जास्त, पण ती येईल असं धरून आणली. मी टेबलावर तीन ताटं मांडली. एफीने बघितलं आणि काही बोलली नाही, यावरून तिलाही तसंच वाटत असणार.

चार वाजले. पाच वाजले. एफीने अर्धी टर्की, बटाटे आणि भोपळ्याची अख्खी गोड पाई डब्यात भरली आणि कोट घातला. कुठे निघालीस विचारलं. म्हणाली, जिथे ताट लागायला हवं तिथे. साडेआठला परत आली. डोळे लाल. मी विचारलं, पाई आवडली का तिला? म्हणाली, मर्डक, चार वाक्यं बोल रे बाबा तिच्याशी. चार. खरी.

मी म्हटलं, सहा पानं तयार आहेत.

उरलेली टर्की आठवडाभर पुरेल.

२९ ऑक्टोबर.

उद्या वर्तुळ. पत्र आता एका पानाचं केलंय. लोरेटा, एफी आणि पेन्सिल यांनी मिळून केलंय म्हणा. त्यात 'मला माफ कर' हे शब्द दोनदा आहेत. धुक्याचं वाक्य मात्र मी काढू दिलं नाही. लोरेटाने त्याखाली तीनदा रेघ मारली, मी तीनदा खोडली. माणसाने सत्यासाठी कुठेतरी ठाम राहावं.

शेडमध्ये उभा राहून आठ वेळा वाचलं. सातव्यांदा फार छान झालं. आठवं वाचायला नको होतं.

संकल्प: उद्या रडायचं नाही. तिने रडायला हरकत नाही. मग मी तिच्या खांद्यावर हात ठेवीन आणि विषय संपेल.

३० ऑक्टोबर. रात्री.

सगळं सविस्तर लिहितो.

पाच खुर्च्या. लोरेटा, मोरॅग, तिच्या शेजारी एफी, मी, आणि माझ्या शेजारी एक रिकामी. तिच्यावर मी टोपी ठेवली. नियम असा की मधे एक वस्तू फिरते, ज्याच्या हातात ती असेल त्यानेच बोलायचं. मोरॅगने हेक्टरची जाळं विणायची लाकडी सुई आणली होती. घासून घासून काळी झालेली. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. असं करू नये.

माझ्याकडे आधी आली. मी पत्र वाचलं. धुक्याच्या वाक्यासकट. 

मग सुई मोरॅगकडे. तिने ती दोन्ही हातांत धरली. मग म्हणाली, आणि हे मी तिच्याच शब्दांत लिहितो कारण ते डोक्यातून जात नाहीत. म्हणाली, बाबा हॉस्पिटलात होता तेव्हा मी त्याला म्हटलं, मला एकटीला भीती वाटते पाण्यावर. तो म्हणाला, तुझे पहिले पिंजरे मर्डकच्या शेजारी टाक. एंजिन बंद पडलं, पाय दोरात अडकला, काहीही झालं तरी तो तिथे असेल. म्हणून मी तिथे टाकले. तुमची जागा घ्यायला नाही. मला तुम्ही जवळ हवे होतात. नऊ तारखेला मी आले तर एक बोया नाही. मी इकडे तिकडे बघितलं. तुमची बोट दिसली. मला एवढं बरं वाटलं. मी हात केला. म्हटलं, काकाला विचारू काय झालं ते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि बोट वळवलीत.

सुई परत माझ्याकडे आली. धुक्यात मला ती दिसली नसावी, हे वाक्य तयार होतं. तिला मी कसा दिसलो, याचंही उत्तर तयार होतं, तरुण डोळे. दोन्ही बोललो नाही.  लोरेटाने वाट बघितली. मग मी सुई मोरॅगला परत दिली. सुई तिचीच होती.

करार झाला. मोरॅगने दोन गोष्टी मागितल्या. एक, एकोणीस लाकडी पिंजरे, मी स्वतःच्या हाताने केलेले, हेक्टर करायचा तसे. दोन, त्या दिवशी खरं काय झालं ते मी तिला सांगायचं. आज नाही जमलं तरी चालेल, म्हणाली, तुम्हाला जमेल तेव्हा, पण तुमच्या तोंडून. लोरेटाने दोन्ही कलमं लिहिली. मुदत १५ एप्रिल. आम्ही सह्या केल्या.

एफी घरी माझ्याच गाडीतून आली.

३१ ऑक्टोबर.

शांत डोक्याने विचार केला. वर्तुळ यशस्वी झालं. दोन कलमांपैकी दुसरं मी पत्रात आधीच पूर्ण केलं आहे. उरलं पहिलं. पिंजऱ्यांच्या बाबतीत या किनाऱ्यावर माझा हात धरणारा कोणी नाही. एक होता.

९ नोव्हेंबर.

लाकूड आणलं. कमानींसाठी फांद्या वाफवून वाकवायच्या, त्यावर पट्ट्या, आतलं जाळं हाताने. रोज एक झाला तर डिसेंबरआधीच एकोणीस.

२१ नोव्हेंबर.

एक झाला.

१५ डिसेंबर.

सहा. हिवाळ्यात सांधे आखडतात, त्याला मी काय करणार? हल्ली सगळे तारेचे तयार पिंजरे घेतात. मोरॅगने लाकडीच मागितले. का मागितले मला कळलं. तिला हे पिंजरे मेमध्ये वापरायचे आहेत. नाहीतर कोण मागेल? म्हणजे ती माझ्या शेजारीच टाकणार. एफीला हे सांगितलं. एफी उठून बाहेर गेली आणि कोंबड्यांना दुसऱ्यांदा खायला घातलं.

नाताळ.

मोरॅगकडून एफीला स्वेटर. मला हातमोजे. चिठ्ठीवर लिहिलंय, 'शेडमध्ये थंडी असेल.' हे मी तीनदा वाचलं. यात राग कुठेही नाही. फक्त नाव नाही, काका नाही, तेवढंच.

१९ जानेवारी. दुपारी.

तेरावा पिंजरा. बाहेर बर्फ. एफी चर्चच्या बायकांकडे गेली आहे. शेडमध्ये कोणी नाही, वही कोणी वाचणार नाही.

धुकं नव्हतं.

सूर्य नुकताच वर आला होता, पाणी काचेसारखं स्वच्छ. दुरूनच पिवळे बोये दिसले, मधे काळा पट्टा. हेक्टरचा रंग. चाळीस वर्षं रोज बघितलेला. मला वाटलं, आला हा. खरंच वाटलं. रेडिओ हातात घेतला, मेल्या, किती वाजले, बायकोने उठू दिलं नाही का, असं म्हणणार होतो. त्याची बायको जाऊनही बारा वर्षं झाली, तरी रोज हेच म्हणायचो आणि रोज तो हसायचा. बटण दाबलं आणि मग आठवलं.

दफनाला मी खांदा दिला, माती टाकली, रडलो नाही. आणि तिथे बोटीवर एकटाच उभा राहून ओरडलो. पिवळे बोये डुलत होते, जणू काही झालंच नाही. ते मला बघवेनात. सुरी घेतली. एक कापला तर बरं वाटेल असं वाटलं. नाही वाटलं. म्हणून दुसरा. असे एकोणीस. कोणाचे आहेत ते माहीत होतं. हेक्टरचे नाहीत हेही माहीत होतं. पोरीचे आहेत हे पहिल्या दोराआधी माहीत होतं.

मग ती आली. त्याचा पिवळा रबरी कोट, बाह्या दुमडलेल्या. डावा हात वर करून हलवत होती, तोही डावाच हलवायचा. मी बोट वळवली. लाज वाटली म्हणून नाही. अजून एकदा तोच आला असं वाटलं, आणि अजून एकदा तो नव्हता, म्हणून.

हे तिला सांगायचं आहे. एवढंच तर तिने मागितलंय.

२० जानेवारी.

कालचं पान फाडणार होतो. वहीची शिलाई सैल होईल म्हणून राहू दिलं.

संकल्प: तिला सांगायचं. घाई नको. पिंजरे न्यायला जाईन तेव्हा, सगळे एकोणीस दारात उतरवून, समोर उभं राहून. अर्धवट काम घेऊन तोंड दाखवण्यात अर्थ नाही. मुदत आहेच.

८ मार्च. सकाळी १०.

राहवलं नाही. आजच सांगायचं ठरवून मोरॅगला फोन केला. कागदावर वाक्य लिहून समोर ठेवलं: 'मोरॅग, धुकं नव्हतं.' तीन शब्द. बाकीचं आपोआप येईल.

तिने उचलला. मी म्हटलं, तुझ्याकडे बर्फ कसा आहे? ती माझ्यापासून दीड मैलावर राहते. म्हणाली, तुमच्याकडे आहे तसाच. मी म्हटलं, खाडीतला अजून फुटला नाही. म्हणाली, नाही. बर्फावर बरीच चर्चा झाली. मग ती म्हणाली, काका, आणखी काही सांगायचं आहे का?

काका म्हणाली.

मी म्हटलं, सतरा झाले. म्हणाली, बरं. मग ती थांबली. बराच वेळ. मला तिचा श्वास ऐकू येत होता. कागद समोरच होता. मग म्हणाली, काळजी घ्या, आणि फोन ठेवला.

एकंदरीत फोन चांगला झाला. सुरुवात तर झाली.

९ एप्रिल.

एकोणीस पूर्ण. बघत राहावेत असे. ट्रकवर तीन फेऱ्या लागतील. परवा शनिवार, परवा नेतो. मुदतीच्या चार दिवस आधी. वाक्य पाठ आहे, आता कागद नको. आरशासमोर म्हणून बघितलं, एकदाही अडखळलो नाही.

एफीला म्हटलं, परवा मोरॅगला सगळं सांगणार आहे. एफीचा चेहरा पडला. काहीतरी बोलणार होती. मी म्हटलं, मला आता अडवू नकोस. ती तिथेच खुर्चीत बसली.

११ एप्रिल.

दार उघडलं ते एका अनोळखी माणसाने. नाव लायल. खालच्या किनाऱ्याचा. घर, बोट, परवाना सगळं त्यानेच घेतलंय. फेब्रुवारीत व्यवहार ठरला, एक तारखेपासून इथे राहतो. मोरॅग अल्बर्टाला गेली, देशाच्या दुसऱ्या टोकाला, तिकडे कामाला लागली. पिंजरे येणार हे तिने सांगून ठेवलं होतं, म्हणाला, बोटीबरोबर ते मला मिळणार. त्याने माझ्याबरोबर तिन्ही फेऱ्या उतरवून घेतल्या. दोनदा थँक यू म्हणाला. माणूस वाईट नाही.

घरी येऊन एफीला विचारलं, तुला माहीत होतं? माहीत होतं. का नाही सांगितलंस? म्हणाली, तिनेच शपथ घातली होती. ती जाणार म्हणून घाबरून तू काहीतरी बोलशील, ते तिला नको होतं. तू आपण होऊन बोलावंस असं तिला हवं होतं. परवा सांगायला तोंड उघडलं, तर तू अडवू नको म्हणालास. आणि तुझ्या त्या फोननंतर ती इथे आली होती, मर्डक. तू शेडमध्ये ठोकत होतास. इथे या खुर्चीत बसून रडली. म्हणाली, मी थांबले होते गं, काकू. मी श्वास धरून थांबले होते.

मी म्हटलं, मला तिचा नंबर दे. एफी म्हणाली, नवा घेतलाय, आणि आता नको म्हणालीय.

आता नको म्हणाली. कधीच नको असं म्हणाली नाही. एफीला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

१५ एप्रिल.

लोरेटाकडे गेलो. फाइल समोर उघडली. कलम एक, पूर्ण. कलम दोन, तेही पूर्ण. मी म्हटलं, दोन कसं? मी सांगितलं कुठे? लोरेटा म्हणाली, मोरॅगने जायच्या आधी फोन केला होता. राहू दे म्हणाली, त्यांना त्रास होतोय. पोलिसांना कळवलंय, प्रकरण मिटलं.

मी म्हटलं, मला सांगायचंय. लोरेटाने चष्मा काढला. म्हणाली, मला सांग. मी म्हटलं, तुला नाही.

तरी बसलो थोडा वेळ. तिने चहा केला. जाताना एक कागद दिला, कार्यक्रमाबद्दल तुमचं मत. समाधानी, काहीसे समाधानी, असमाधानी. मी 'समाधानी'वर खूण केली. लोरेटाने फार कष्ट घेतले होते.

१५ मे. पिंजरे टाकायचा दिवस.

सहाला सगळ्या बोटी सुटल्या. हवा लख्ख. दहापर्यंत माझे सगळे टाकून झाले. वर बघितलं तर लायलची बोट शेजारीच. त्याला मोरॅगने सांगितलं असावं की जागा चांगली आहे. माझे एकोणीस पिंजरे माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेले. बोये हिरवे-पांढरे, त्याच्या स्वतःच्या रंगाचे. तो आपल्या वाटेने गेला. त्याच्या दुसऱ्या बोटीतून त्याचा मेहुणा माझ्या जवळून गेला. साधारण माझ्याच वयाचा. एंजिन हळू करून विचारलं, हे लाकडी पिंजरे तुम्ही केलेत म्हणे? असे आता कोणी करत नाही.

मी म्हटलं, मोरॅगसाठी केले होते.

त्याने विचारलं, मोरॅग कोण?

मी म्हटलं, हेक्टरची मुलगी.

त्याने विचारलं, हेक्टर कोण? वारा नव्हता, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तो उत्तराची वाट बघत उभा होता. मी एंजिन सुरू केलं.